मूत्राशयाची चाचणी : रुग्णांनी काय जाणून घ्यावे?

उतारवयातील पुरुषांत लघवीची धार मंदावण्यामागे प्रामुख्याने दोन कारणे आढळतात : वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा अडथळा किंवा मधुमेहासारख्या विकारामुळे दुर्बल झालेला मूत्राशयाचा स्नायू. लक्षणे सारखीच असतात. मात्र शस्त्रक्रियेने अडथळा दूर होतो, स्नायूला बळ मिळत नाही. हा भेद युरोडायनॅमिक चाचणीतून स्पष्ट होतो.

चाचणीस साधारणतः अर्धा ते एक तास लागतो. भूल द्यावी लागत नाही. प्रथम रुग्णास वेग मोजणाऱ्या यंत्रात लघवी करावयास सांगतात. कमाल वेग सेकंदाला १० मिलिलिटरहून कमी असल्यास दोष संभवतो. त्यानंतर मूत्रमार्गातून व गुदद्वारातून बारीक नळ्या घालून दाब मोजला जातो आणि मूत्राशयात सलाइन हळूहळू भरले जाते. लघवीची पहिली जाणीव केव्हा झाली, ती अनावर केव्हा झाली, हे रुग्णाने सांगावयाचे असते. मध्येच खोकावयासही सांगतात. त्या वेळी लघवी गळाल्यास संकोच बाळगू नये. नेमके तेच तपासावयाचे असते.

मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असल्यास चाचणी पुढे ढकलली जाते. चाचणीनंतर एखादा दिवस जळजळ होऊ शकते. ताप आल्यास किंवा लघवी अडल्यास मात्र त्वरित डॉक्टरांकडे जावे.