मोकळी जागा

आमच्या कन्येच्या शाळेत जिन्याखाली चार लाल बादल्या टांगलेल्या आहेत. त्यांवर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'आग' असे लिहिले आहे. परवा पालकसभेला जरा लवकर पोचलो म्हणून सहज डोकावून पाहिले. एकीच्या तळाशी मूठभर वाळू होती, दुसरीत चॉकलेटांचे कागद; उरलेल्या दोहोंत काय होते ते दिवाळी अंकात लिहिण्याजोगे नाही.

सभेत मी विचारले, "आग लागली, भूकंप झाला, तर मुलांना नेणार कुठे?" मुख्याध्यापक मोठे सज्जन गृहस्थ. "मोकळ्या जागेत," ते म्हणाले. सर्वांचे समाधान झाले, चहा आला. माझे समाधान मात्र होईना. कारण हे उत्तर मी पूर्वी वाचले होते.

जपानच्या ईशान्य भागात, किताकामी नदीच्या काठी, ओकावा नावाची प्राथमिक शाळा होती. संकटकाळी काय करावे याची लेखी योजना तिच्यापाशी होती. त्सुनामी आल्यास मुलांना जवळच्या मोकळ्या जागेत किंवा उद्यानात न्यावे, असे तीत म्हटले होते. कोणती जागा, कोणते उद्यान, एवढे मात्र लिहायचे राहिले. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. मुले शिस्तीत मैदानावर आली आणि जवळजवळ पन्नास मिनिटे तिथेच थांबली. शाळेच्या पाठीशीच टेकडी होती! पण झाडे कोसळतील की काय, अशी शंका. नकाशाप्रमाणे इथवर पाणी येणारच नाही, असा भरवसा. अखेर निघाली ती नदीवरील पुलाजवळच्या उंचवट्याकडे. वाटेतच पाण्याने गाठले. ७४ मुले आणि १० शिक्षक गेले.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर, कामाइशी गावच्या उनोसुमाई भागातल्या दोन शाळाही नकाशावर निर्धोकच होत्या. पण नकाशावर विसंबू नका, हे काताडा नावाच्या प्राध्यापकांनी तिथल्या मुलांना काही वर्षे शिकवले होते. थोरल्या शाळेची मुले धावत सुटली. ती पाहून धाकटीही निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तशी ती आणखी वर गेली. तिथूनही आणखी वर. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. मागे दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या. त्या पळालेल्या पोरांपैकी एकही गेले नाही.

ओकावाच्या काही पालकांनी दावा लावला. चूक भूकंपापूर्वीच, योजना अपुरी ठेवण्यात झाली, असे सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले आणि २०१९ साली तो निकाल कायम झाला.

आपल्याकडे कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा, दोन्ही भूकंप पहाटेचे. घरांत व्हायचे ते झालेच. शाळा तेवढ्या रिकाम्या होत्या. तमिळनाडूत कुंभकोणमची शाळा मात्र १६ जुलै २००४ रोजी भरलेली होती. स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत गेलो. "मोकळी जागा म्हणजे नक्की कोणती?" मुख्याध्यापक रागावले नाहीत, उलट स्वतः दाखवायला उठले. मागच्या फाटकापलीकडे नगरपालिकेचे छान उद्यान आहे. फाटकाला कुलूप होते. किल्ली शिपायाजवळ, आणि शिपाई चार दिवस गावी गेलेला. मुख्याध्यापकांनी टेबलाचा खण उपसला. तळाशी एक किल्ली निघाली. आम्ही दोघे पुन्हा फाटकापाशी गेलो. ती दुसऱ्याच कुठल्या कुलपाची होती.