टीव्ही स्मार्ट, वाय-फाय ओव्हरस्मार्ट!

नवा कोरा स्मार्ट टीव्ही भिंतीवर चढला, घरचे सगळे सोफ्यावर सरसावून बसले, रिमोट तुमच्या हातात... आणि स्क्रीनवर नुसतं गरगर फिरणारं चक्र! थांबा, टीव्हीला शिव्या घालू नका. राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या त्या दहा-बारा फुटांत काय काय भानगडी चालतात, माहीत आहे का? चला, पटापट बघू!

बाप्पा, जरा सरकून घ्या!
वाय-फायला झोकात मराठी नाव द्यायचंय? जागा आहे फक्त 32 बाइट! इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी अक्षर मात्र सहसा तीन खातं. वर काना, वेलांटी आणि जोडाक्षराचा हलन्त, प्रत्येकाचं बिल वेगळं! 'गणपती बाप्पा' लिहिलंत की झाले 34. म्हणजे 'मोरया' म्हणायच्या आधीच मंडप फुल्ल! हाच अख्खा गजर इंग्रजी स्पेलिंगमध्ये 19 बाइटांत आरामात बसतो.

ओके, ओके, नॉट ओके
वाय-फायचा पासवर्ड कमीत कमी 8 आणि जास्तीत जास्त 63 अक्षरांचा. आता तो रिमोटच्या बाणांनी टाइप करा बघू! डावीकडे, डावीकडे, खाली, ओके... अरे, कॅपिटल राहिलं! माहीत आहे का, बऱ्याच स्मार्ट टीव्हींना कॉम्प्युटरचा साधा यूएसबी कीबोर्ड चालतो. मागच्या पोर्टात खोचा आणि खटाखट टाइप करा.

उपमा गरम, सिरीयल गार
मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर. वाय-फायचा जुना बँड कुठला? 2.4! ओव्हनमधून किंचित जरी गळती झाली, तरी शेजारचा सिग्नल गडबडतो. उपाय सोपा: टीव्हीला 5 गिगाहर्ट्झवाल्या नेटवर्कवर टाका. मात्र हे महाराज भिंतींना घाबरतात. दोन खोल्या पलीकडे 2.4च बरा.

'आलं का रे?'
2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि गच्चीवर चढून एरियल फिरवण्याचा घरगुती खेळही रंगला. तीच सवय राउटरवर काढताय? राउटरच्या दांडीवाल्या अँटेनाच्या टोकातून सिग्नल जवळपास निघतच नाही, तो पसरतो तिच्या चहूबाजूंना. दांडी टीव्हीवर बंदुकीसारखी रोखलीत, तर नेम हमखास चुकणार!

हिरॉइनचं पेटंट
हॉलिवूडची सौंदर्यवती हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना 1942 मध्ये पेटंट मिळालं. कशाचं? पाणतीर शत्रूला चकवून कसा चालवायचा, त्याचं! रेडिओ सिग्नलने 88 फ्रिक्वेन्सींवर टणाटण उड्या मारायच्या. 88च का? पियानोच्या पट्ट्या तेवढ्याच! उड्यांची हीच आयडिया आज ब्लूटूथमध्ये आहे. तुमचा बोलका रिमोट ब्लूटूथवाला असेल, तर हेडीबाई तुमच्या मुठीत आहेत.

शोधायला गेले एक...
ऑस्ट्रेलियाचे जॉन ओसलिव्हन फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत शोधत होते. ते काही सापडले नाहीत. पण त्या खटाटोपातलं गणित पुढे सीएसआयआरओ या संस्थेत भिंतींवर आपटून विस्कटणारा वायरलेस सिग्नल सावरायला कामी आलं. संस्थेला पेटंटपोटी 40 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मिळाले. कृष्णविवर कोरडं, तिजोरी ओली!

हॉल ते बेडरूम? छे, 382 किलोमीटर!
2007 मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांच्या टीमने डोंगरमाथ्यांवर अँटेना लावून वाय-फाय 382 किलोमीटरवर पोचवलं. रस्त्याने मुंबई ते कोल्हापूर साधारण एवढंच! मध्ये भिंत नव्हती ना, म्हणून जमलं.

सात वाजता गाव ऑफलाइन
वेल्समधल्या अ‍ॅबरहोसन गावाचं ब्रॉडबँड रोज सकाळी सातला मान टाकायचं, तब्बल 18 महिने! केबल बदलून झाली, तरी ढिम्म. शेवटी इंजिनिअर यंत्र घेऊन गल्लोगल्ली हिंडले. चोर कोण? एका घरातला जुना टीव्ही! मालक सातला तो लावायचे आणि त्यातून निघणारा विद्युत गोंगाट गावाचं नेट पाडायचा. 2020 मध्ये ही बातमी जगभर गाजली. बिचाऱ्यांनी तो टीव्ही पुन्हा कधीच न लावण्याचं वचन दिलं.

टीव्हीला तारीख पे तारीख
वाय-फाय 'कनेक्टेड' दाखवतंय, पण एकही अ‍ॅप उघडत नाही? सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख बघा. प्रत्येक अ‍ॅप आपल्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत तपासतं. टीव्ही 2015 मध्येच रमला असेल, तर आजचं सर्टिफिकेट त्याला चक्क भविष्यातलं वाटतं. मग दार बंद! घड्याळ 'ऑटोमॅटिक'वर टाका, बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

300 चा प्लॅन, 100 चा दरवाजा
केबल लावली की स्पीड बेस्ट? माहीत आहे का, कित्येक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसलाच अडतं. स्पीड टेस्टमध्ये नव्वदच्या घरात आकडा आला, तर केबलवाल्याशी भांडायला जाऊ नका. आणि घाबरूही नका. 4के पिक्चरसाठी नेटफ्लिक्स मागतं फक्त 15!

हॉटस्पॉट, खिसा स्पॉट
नेट गेलं की फोनचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडणारे शूरवीर, इकडे लक्ष द्या! टीव्हीला ते वाय-फायच वाटतं, तो बिनधास्त मोठ्ठी क्वालिटी खेचतो. 4के स्ट्रीमिंग तासाला 7 जीबीपर्यंत फस्त करतं. दिवसाला दीड जीबीवाला पॅक? जेमतेम 13 मिनिटं! टी-ट्वेंटी लावलीत तर पॉवरप्लेसुद्धा पुरा व्हायचा नाही. तेव्हा आधी क्वालिटी खाली आणा, मग बिनघोर षटकार बघा!