ओट्यापासून फाटकापर्यंत

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या जुन्या घराला फाटक नव्हतं. अंगण, अंगणापुढे ओटा, आणि संध्याकाळी त्या ओट्यावर रोझरीची प्रार्थना. गेल्या पन्नास वर्षांकडे मागे वळून पाहताना मला आधी तो ओटा दिसतो.

१९७०च्या दशकात आमचा दिवस अंधारातच उजाडायचा. आई आणि काकू भाजीच्या, फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादर गाठायच्या. वाडीला पाणी विहिरीचं आणि बावखलाचं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला अडवून धरायचं. मे महिन्यात गाळ काढायला सगळी आळी बावखलात उतरायची. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याच्याच हाती घमेलं द्यावं लागायचं. रोजच्या भाकरीची प्रार्थना म्हणताना आजीचे डोळे आभाळाकडे असत. पाऊस लांबला तर भाकरी खरंच लांबणार होती.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ओझी वाहून आईची पाठ चाळिशीतच वाकली. सावकाराचं देणं होतं. दारिद्र्यात आपोआप पावित्र्य येत नाही.

मग विजेचे पंप आले, त्यामागून टँकर. उपसा इतका वाढला की विहिरी खारट होऊ लागल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नागरीकरणाची लाट आली आणि शेतजमिनीला सोन्याचा भाव चढला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीचा झेंडा घेऊन उभे राहिले. पाणी, झाडं, जमीन वाचवणं हे श्रद्धेचंच काम आहे, हे आम्ही त्या चळवळीत शिकलो. मोर्चात मीही चाललो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. आणि काही वर्षांनी बावखलाकाठची आमची वाडी आम्ही विकली. कोणी धमकावलं नव्हतं. भाव चांगला आला, एवढंच.

त्या पैशातून वडिलांची शस्त्रक्रिया झाली, मुलीचं शिक्षण झालं. त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण त्याच पैशातून बंगला उभा राहिला, ओट्याच्या जागी संगमरवरी पायऱ्या आल्या, भोवती भिंत आणि पुढे लोखंडी फाटक. रोझरी आधी दिवाणखान्यात आली, मग टीव्हीच्या वेळेनुसार पुढे-मागे झाली, मग ज्याच्या-त्याच्या खोलीत गेली आणि तिथेच विरली. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून पापलेट आणू लागलो. त्यागाचा दिवस चैनीचा झाला तरी नियम कुठेच मोडला नव्हता.

धोका नेमका इथे आहे. आमच्यातल्या कोणी श्रद्धा सोडली नाही. रविवारच्या मिस्साला देऊळ भरलेलं असतं, सणाला रोषणाई पूर्वीपेक्षा जास्त असते. प्रार्थनेचे शब्द तेच आहेत, फक्त मागणाऱ्याला आता काही नको आहे. ज्याला देवाकडे हात पसरावा लागत नाही, त्याला शेजाऱ्याचा पसरलेला हातही हळूहळू दिसेनासा होतो.

हे मला एका पावसाळ्यात कळलं. तुंगारेश्वरच्या डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई वीसेक वर्षं आमच्या वाडीत निंदणीला यायची. आजीला ‘आये’ म्हणायची, दुपारी ओट्यावर बसून आमच्याबरोबर पेज प्यायची. वाडी गेली, तिचं कामही गेलं. एका जूनमध्ये बेल वाजली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोक्यावर प्लास्टिक घेतलेली एक बाई दिसली. मी आतूनच विचारलं, “कोण? काय पाहिजे?” तिला काहीच नको होतं. तिने शेवळांच्या रानभाजीची जुडी आणली होती, दरवर्षी आजीला द्यायची तशी. मी बाहेर जाईपर्यंत जुडी फाटकाच्या गजात खोचून ती निघून गेली होती.

येशूच्या दाखल्यातला श्रीमंत माणूस दारातल्या लाजराला मारत नाही, हाकलतही नाही. त्याला तो फक्त दिसत नाही. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यातलं दार माझं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

२०१८च्या जुलैत वसई पाण्यात बुडाली. पाणी सामावून घेणारी बावखलं, शेतं, नाले आम्हीच बुजवले होते. वीज गेली, टीव्ही बंद, पंप बंद. शेजारच्या इमारतीतली माणसं पिण्याचं पाणी शोधत आली आणि कित्येक वर्षांनी आमचं फाटक रात्रीही उघडं राहिलं. एका मोठ्या पातेल्यात खिचडी शिजली. मेणबत्तीच्या उजेडात, ओल्या पायऱ्यांवर बसून आम्ही रोझरी म्हटली. रोजच्या भाकरीपाशी आलो तेव्हा माझा आवाज अडला. कित्येक वर्षांनी मी ती खरोखर मागत होतो.

२५ जुलै २०२४ला फादर दिब्रिटो गेले. त्या संध्याकाळी मी फाटकाचं कुलूप काढलं. तेव्हापासून रोझरीच्या वेळी ते उघडं असतं आणि आम्ही पायऱ्यांवर बसतो. शेजारची दोन-तीन माणसं येतात.

शेवळं आणणारी ती बाई मात्र पुन्हा आली नाही. तिचा पाडा कुठला, हे वीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.