गागोद्याचा चंद्र आणि शाडूचा गोळा

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. त्यांनाच पुढे सगळा देश विनोबा म्हणू लागला. त्यांचे आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करत. अमावास्या झाली की प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे वाढवत पौर्णिमेला पंधरा. मग त्याच पायऱ्यांनी खाली. चंद्र उगवला की पूजा, आणि मग त्या दिवसाचे घास. कृष्ण पक्षात चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे छोट्या विन्याला झोपेतून उठवून प्रसादाला आणत. ही आठवण विनोबांनीच सांगून ठेवली आहे.

मी याच तालुक्यात विज्ञान शिकवते. शाळेची मुले घेऊन गागोद्याला विनोबांचे घर दाखवायला जाते, तेव्हा हीच गोष्ट आधी सांगते. विनोबा तिच्यातली भक्ती सांगत. मला तिच्यात भक्तीइतकाच विज्ञानाचा तास दिसतो. पाठ्यपुस्तकात चंद्रकलांची आकृती असते: मध्ये पृथ्वी, भोवती आठ चंद्र, बाजूला सूर्याचे बाण. मुले ती आकृती सुबक काढतात, गुण मिळवतात आणि नंतर कुणीही विचारले तर सांगतात, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राची कोर होते.’ हे उत्तर पदवी घेतलेली माणसेही देतात. ते साफ चूक आहे. सावली पडते ती ग्रहणात, आणि तीही पौर्णिमेलाच.

ही समजूत मोडायला व्याख्यान पुरत नाही. त्यासाठी लिंबाएवढा गोळा लागतो. पेणला गणपतीचे कारखाने घरोघर आहेत, मूठभर शाडू कुणीही देतो. गोळा गुळगुळीत वळायचा, ओला असतानाच त्यात झावळीचा हीर खोचायचा आणि सावलीत सुकू द्यायचा. सुकला की तो पांढुरका होतो, चंद्रासारखाच.

आता दिनदर्शिका बघायची. कृष्ण पंचमी ते अष्टमी या दिवसांत सकाळी शाळा भरते तेव्हा चंद्र अजून पश्चिमेकडच्या आकाशात असतो आणि पूर्वेला सूर्य वर आलेला असतो. मुलांना उन्हात उभे करायचे. सूर्याकडे कुणीही बघायचे नाही, हे आधी दोनदा बजावायचे. हात ताठ करून गोळा चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा आणि एक डोळा मिटायचा. गोळ्यावर ऊन पडलेच पाहिजे. मग गोळ्याचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचाही उजळलेला दिसतो, आणि तोही त्याच बाजूने. सूर्य इतका दूर आहे की दोघांवर ऊन एकाच दिशेने पडते, आणि आपण दोघांकडे बघतोही एकाच दिशेने. त्यामुळे कला सारखीच दिसणार.

पाड्यावरून येणारी एक मुलगी गोळा धरून ओरडली होती, ‘बाई, गोळ्यालापण अष्टमी झाली!’ त्यानंतर सावलीचा प्रश्न तिच्या तोंडून निघाला, पण वेगळाच: ‘सूर्य तिकडं, चंद्र इकडं, दोन्ही आपल्याला दिसतायत. मग पृथ्वी मधे आली कधी?’ शिक्षकाने या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊ नये. गोळा दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि मुलांना आपसात भांडू द्यावे. पंधरा मिनिटांत त्यांना कळते की गोळ्याची काळी बाजू ही त्याची स्वतःचीच सावलीतली बाजू आहे.

पुढचा धडा शुक्ल पक्षात, घरी करायचा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी अंगणात एकाच जागी उभे राहायचे आणि समोरच्या डोंगराची कड वहीत काढून तिच्यावर चंद्राची जागा मांडायची. हात ताठ केला की आपली मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. लहान मुलाचा हातही लहान आणि मूठही लहान, म्हणून हे माप प्रत्येकाला जवळपास सारखेच लागू पडते. चंद्र रोज एका मुठीहून थोडा जास्त पूर्वेला सरकलेला आढळतो. पंचांगातली तिथी म्हणजे नेमके हेच: सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण. घरच्या भिंतीवरचे कालनिर्णय हे खगोलाचे उपकरण आहे, हे मुलांना त्या दिवशी उमगते. बारा अंश फिरायला पृथ्वीला ४८ मिनिटे लागतात. म्हणून चंद्र रोज सरासरी पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो. गागोद्याच्या त्या घराने हा उशीर भुकेने मोजला होता.

खाडीकाठच्या खारेपाटातली मुले इथे शिक्षकाच्या पुढे जातात, कारण भरतीही चंद्राबरोबर रोज तेवढीच उशिरा येते. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते, हा आडाखा कोकणच्या किनाऱ्यावर जुना आहे. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. दशमी असेल तर साडेसात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण म्हणजे मोठी भरती आणि अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान भरती, हे तर खाडीवर जाणाऱ्या घरातल्या पोरांना शाळेत यायच्या आधीच ठाऊक असते. शाळेने एवढेच करावे की त्या आडाख्याची वेळ आणि छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ शेजारी मांडून फरक काढायला लावावा. फरक निघतो, आणि तो का निघतो यावर बोलता येते. आजोबांचे ज्ञान आणि पुस्तकातले ज्ञान एकाच कोष्टकात आले की दोन्हींची किंमत वाढते.

हातांनी करून शिकण्याचा हा विचार माझ्या पदरचा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभा हाताच्या कामातून शिकणे हा होता, आणि विनोबांनी सूतकताईला गणिताइतक्याच काटेकोरपणे हात घातला. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम सोळा शाळांत सुरू झाला. खेड्यातली मुले प्रयोग करून, स्वतः निष्कर्ष काढून शिकू लागली. त्याच मुशीतून अरविंद गुप्ता आले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीचे सांगाडे उभे केले, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. मुंबईतले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून हेच काम करते आहे. एवढी परंपरा हाताशी असताना आपल्या शाळांतली प्रयोगपेटी कुलपात असते, याचा मला मनापासून राग येतो. काच फुटेल, हिशेब द्यावा लागेल, या भीतीने शिक्षक ती उघडत नाहीत. म्हणून मी न फुटणाऱ्या, हिशेबात न येणाऱ्या वस्तूंवर भर देते.

जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरून त्या रंगात कागदाच्या पट्ट्या बुडवून सुकवल्या की आम्ल-आम्लारी ओळखणारा दर्शक कागद तयार. लिंबाच्या रसात तो गडद गुलाबी होतो, चुन्याच्या निवळीत हिरवा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरच्या बायांनी रोज पाहिलेले असते. त्याचे कारण मुलांनी घरी जाऊन सांगावे.

आमच्या भागात सगळ्यात मोठा प्रयोग मात्र आकाशातूनच पडतो. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, आणि आमच्या मुलांना एक मिलिमीटर म्हणजे काय हे सांगता येत नाही. म्हणून पर्जन्यमापक आपणच करायचा. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली खांद्यापाशी कापायची आणि वरचा भाग उलटा करून तिच्यातच नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ खोलगट असतो, म्हणून त्यात खडे टाकून बाजू सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचे आणि तिथे शून्याची खूण करायची. तिथून वर मोजपट्टी चिकटवायची. झाड आणि पागोळी यांपासून दूर, उघड्यावर, विटांच्या आधाराने बाटली उभी करायची. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची, आपलीही तीच.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. शाळेच्या पंचवीस चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पडला तर अडीच हजार लिटर. हा हिशेब मुलांनी स्वतः केला की मे महिन्यातला टँकर आणि जुलैतले वाहून गेलेले पाणी ही दोन गणिते राहत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा फळ्यावर लिहून मुलांना विचारा, आपली बाटली त्या दिवशी किती वेळा रिकामी करावी लागली असती? मुले मोजपट्टी घेऊन उठतातच.

नोंदीला एक शिस्त हवी. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे, वाचन राहिले तर जागा कोरी सोडायची, अंदाजाने आकडा भरायचा नाही. रविवारची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे. गावातल्या मोठ्या माणसांनीही यात यावे. शाळेत मूल असो वा नसो, येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गावच्या शाळेला एक बाटली, एक मोजपट्टी आणि एक शंभर पानी वही द्या, आणि ऑगस्टमध्ये जाऊन ती वही वाचायला मागा.