क्वार्ट्झ घड्याळ: गारगोटी, मनगट आणि माझ्या डेटातले चाळीस सेकंद



गेल्या उन्हाळ्यात माझ्या डेटात एक चमत्कार दिसला. ढग सूर्यासमोर येण्याआधीच सोलर पॅनेलचा करंट पडायचा. म्हणजे आधी परिणाम आणि मग कारण! या चमत्काराचं मूळ निघालं एका तांदळाच्या दाण्याएवढ्या क्वार्ट्झच्या तुकड्यात. तसाच तुकडा तुमच्या हातातल्या घड्याळातही आहे. म्हणून आज क्वार्ट्झ घड्याळाबद्दल लिहितोय: ते चालतं कसं, आलं कुठून, लोकांना एवढं का आवडलं आणि संशोधन करणाऱ्याने त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा.

गारगोटी आणि क्वार्ट्झ

लहानपणी ओढ्यातल्या दोन पांढऱ्या गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून उजेड पाडायचा खेळ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत लाखो वर्षांत सिलिका साचत गेली आणि या गारा तयार झाल्या. गारगोटी म्हणजेच क्वार्ट्झ, रासायनिक भाषेत सिलिकॉन डायऑक्साइड.

मग शेतातली गारगोटी उचलून घड्याळात बसवता येईल का? नाही. तिच्यात बहुतेक वेळा असंख्य बारीक स्फटिक वेडेवाकडे बसलेले असतात आणि आपल्याला हवा असलेला विद्युत परिणाम एकमेकांत कटून जातो. घड्याळाला एकसंध स्फटिक लागतो. तो आज कारखान्यात, प्रचंड दाबाच्या आणि तापमानाच्या बंद भांड्यात, काही आठवडे हळूहळू वाढवला जातो.

क्वार्ट्झचा हा खास गुण १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या दोन भावांनी दाखवला. स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार तयार होतो. पुढच्याच वर्षी लिपमान यांनी गणिताने सांगितलं की याच्या उलटही झालं पाहिजे, म्हणजे विद्युत दाब दिला तर स्फटिकाचा आकार किंचित बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी तेही प्रयोगाने सिद्ध केलं. यालाच पिझोविद्युत परिणाम म्हणतात. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पडते ती याच परिणामामुळे, फक्त तिथे क्वार्ट्झऐवजी एक सिरॅमिक वापरतात.

३२,७६८ च का?

घड्याळातला क्वार्ट्झ दोन शिंगांच्या चिमट्यासारखा कापलेला असतो, प्रयोगशाळेतल्या ट्यूनिंग फोर्कसारखा. सेलमधून वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा अंदाजे निवडलेला नाही. तो २ चा १५ वा घात आहे. घड्याळातलं सर्किट या संख्येची निम्मी करतं, पुन्हा निम्मी, असं पंधरा वेळा. शेवटी उरतो सेकंदाला एक ठोका. तो ठोका छोट्या मोटरला मिळतो आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. क्वार्ट्झचा सेकंदकाटा थांबत थांबत चालतो तो यामुळे.

मग याहून लहान किंवा मोठी संख्या का नाही घेतली? वारंवारता कमी केली तर स्फटिक मोठा करावा लागतो, शिवाय माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे घड्याळ दिवसभर कानाशी गुणगुणत बसेल. वारंवारता फार वाढवली तर सर्किट जास्त वीज खातं आणि सेल लवकर संपतो. ३२,७६८ ही या सगळ्यांतली तडजोड आहे. मित्रांनो, कुठल्याही उपकरणात एखादा विचित्र आकडा दिसला की "हाच का?" असं विचारा. बहुतेक वेळा त्याच्यामागे अशी एखादी तडजोड सापडते.

प्रयोगशाळेतून मनगटावर

क्वार्ट्झच्या कंपनावर चालणारं पहिलं घड्याळ १९२७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि हॉर्टन यांनी बनवलं. ते मनगटावर घालायचं नव्हतं, त्याची यंत्रणा चांगलीच अवजड होती. पण अशा घड्याळांनी लवकरच एक मोठं काम केलं. १९३० च्या दशकात बर्लिनमध्ये शाइबे आणि आडेल्सबर्गर यांनी क्वार्ट्झ घड्याळांच्या मदतीने दाखवलं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग वर्षभर एकसारखा राहत नाही. तोपर्यंत आपण पृथ्वीवरून घड्याळं लावत होतो. आता घड्याळ पृथ्वीची चूक दाखवू लागलं! चांगलं मोजमाप हातात आलं की जुन्या मापातलाच दोष दिसायला लागतो, हे लक्षात ठेवा.

मनगटावर मावेल एवढं क्वार्ट्झ घड्याळ बनवायची शर्यत १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि जपानमध्ये लागली. नूशातेल इथल्या स्विस केंद्राने १९६७ मध्ये नमुने तयारही केले होते. पण दुकानात पहिलं आलं ते जपानच्या सेइकोचं ॲस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ रोजी. किंमत ४ लाख ५० हजार येन, म्हणजे तेव्हाच्या जपानमध्ये एका छोट्या मोटारीएवढी. त्यातला स्फटिक ८,१९२ हर्ट्झचा होता (२ चा १३ वा घात, बघा) आणि महिन्याला ५ सेकंदांच्या आत राहण्याची हमी होती.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चिप स्वस्त झाल्या, स्फटिक छपाईसारख्या तंत्राने एकावेळी शेकड्यांनी कोरता येऊ लागले आणि किंमत कोसळली. स्विस घड्याळ उद्योगातले सुमारे ९०,००० कामगार १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३०,००० च्या आसपास आले. ज्या देशाने नमुना आधी बनवला होता, त्याच देशाला सर्वांत जास्त फटका बसला.

आपल्याकडची गोष्टही अशीच आहे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला चावीची घड्याळं बनवायला सुरुवात केली. आमच्या आजोबांकडे एचएमटी होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ते चावी द्यायचे आणि रेडिओवर बातम्या लागल्या की काटे जुळवायचे. मग १९८४ मध्ये टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन सुरू केली. होसूरच्या कारखान्यात त्यांनी भर दिला तो क्वार्ट्झवर. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळं काढली, पण बाजार हातातून गेला, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. वडिलांना लग्नात सासरकडून जे घड्याळ मिळालं ते क्वार्ट्झचं होतं. त्याला चावी नाही, रोज जुळवायची कटकट नाही. दोन वर्षांनी सेल बदलला की झालं.

माझ्या मते क्वार्ट्झचं खरं आकर्षण इथे आहे. स्विस प्रमाणपत्र मिळालेल्या उत्तम यांत्रिक घड्याळाला दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते. साधं क्वार्ट्झ महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास चुकतं. म्हणजे बसस्टँडसमोरच्या हातगाडीवरचं घड्याळसुद्धा वेळेच्या बाबतीत लाखो रुपयांच्या घड्याळाला भारी पडू शकतं. अचूक वेळ ही श्रीमंतांची वस्तू राहिली नाही. आणि याच सवयीमुळे आपण क्वार्ट्झकडे संशयाने बघायचं विसरलो. मीही विसरलो.

माझे चाळीस सेकंद

माझा विषय सोलर पॅनेलवर बसणारी धूळ. गच्चीवर पॅनेलखाली एका डब्यात करंट नोंदवणारा लॉगर ठेवला होता. प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरची केबल खाली खोलीत आणली होती, तिथे दुसरा लॉगर. दोन्हीत वेळ दाखवणारी चिप, आणि त्या चिपला तोच ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ. एप्रिलच्या मध्यात दोन्ही घड्याळं मोबाईलवरून लावली आणि विषय सोडून दिला.

अवकाळीचे ढग आले तेव्हा आलेखात दिसलं की पॅनेलचा करंट आधी पडतो आणि प्रकाश नऊ-दहा सेकंदांनी. मी लगेच स्पष्टीकरण तयार केलं: प्रकाशाचा सेन्सर उष्णतेवर चालतो, म्हणून तो हळू प्रतिसाद देतो. हे वाचायला इतकं छान वाटत होतं की मी त्याच्यावर दोन पानं लिहिली आणि विभागातल्या सेमिनारमध्ये मांडलीसुद्धा. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "पहिल्या दिवशी फरक किती होता?"

मी बघितलंच नव्हतं. रात्री बसून सगळे ढग तपासले. सुरुवातीच्या ढगात फरक जवळपास शून्य. मग वाढत वाढत, मे अखेरीस चाळीस सेकंदांच्या आसपास. सेन्सर हळू असेल तर तो पहिल्या दिवसापासून हळू असेल, रोज आणखी हळू होणार नाही. जे रोज वाढतं ते घड्याळ. माझी दोन पानं तिथेच संपली.

कारण असं आहे. घड्याळातला हा क्वार्ट्झ २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत वेगाने कंप पावतो. हा बिंदू मुद्दाम तिथे ठेवलेला असतो, कारण मनगटावरचं घड्याळ साधारण त्याच्या जवळपास राहतं. तापमान २५ च्या वर जावो की खाली, घड्याळ मागेच पडतं. नेहमीच्या स्फटिकासाठी सूत्र सोपं आहे: तापमानातल्या फरकाचा वर्ग गुणिले ०.०३४, उत्तर दशलक्षांश भागात. दिवसाला ८६,४०० सेकंद धरून हिशोब करा:

१० अंश (परभणीतली थंडीची पहाट): ७.६५ भाग, दिवसभर राहिलं तर सुमारे ०.७ सेकंद मागे.
४५ अंश (मे महिन्यातली दुपार): १३.६ भाग, सुमारे १.२ सेकंद मागे.
६० अंश (गच्चीवरचा बंद डबा): ४१.६५ भाग, सुमारे ३.६ सेकंद मागे.

वर्गामुळे काय होतं पाहा. २५ पासूनचं अंतर २० वरून ३५ झालं, म्हणजे दुप्पटही नाही, पण चूक तिप्पट झाली. माझा डबा दुपारी तापायचा, रात्री निवायचा, आणि रोज सेकंद-सव्वा सेकंद गमवायचा. खोलीतलं घड्याळही थोडं मागे पडत होतं, पण कमी.

नशीब एवढंच की डब्याचं तापमान मी दर मिनिटाला नोंदवलं होतं, ते वेगळ्याच कारणासाठी. त्या तापमानावरून प्रत्येक मिनिटाची चूक काढून बेरीज केली, प्रत्येक स्फटिकाचा मुळातला स्थिर फरक धरला, आणि ढगांच्या कडांशी ताडून पाहिलं. दोन-तीन सेकंदांत जुळलं. डेटा वाचला, पण सेमिनारमध्ये मांडलेलं स्पष्टीकरण चूक होतं हे पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं लागलं. घसा कोरडा पडला होता. आता प्रबंधात त्या दोन पानांच्या जागी घड्याळ-दुरुस्तीचा एक परिच्छेद आहे.

अचूक आणि स्थिर यांतला फरक

पेट परीक्षेला हा प्रश्न पाठ करून जातो आपण, पण समजतो असा. जे घड्याळ रोज बरोबर २ सेकंद पुढे जातं ते अचूक नाही, पण स्थिर आहे. त्याची चूक वजा करता येते, ते कामाचं आहे. जे घड्याळ आज २ पुढे आणि उद्या ३ मागे, ते महिनाअखेरीस योगायोगाने बरोबर दिसलं तरी निरुपयोगी. माझा लॉगर तापमान माहीत असेल तर स्थिर होता, आणि तापमान माहीत नसेल तर नाही. म्हणजे उपकरण किती स्थिर आहे हे तुम्ही त्याच्यासोबत काय नोंदवता यावरही ठरतं.

संशोधनाला सुरुवात करण्याआधी एक प्रयोग घरीच करा. एक क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणि एक भिंतीवरचं घ्या. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, मोबाईल नेटवर्कच्या वेळेशी जुळवलं तरी चालेल. रोज एकाच वेळी दोन्ही घड्याळं किती पुढे-मागे आहेत ते आणि खोलीचं तापमान वहीत लिहा. महिनाभर, एकही दिवस न चुकता. मग आलेख काढा. रेषा सरळ आली तर घड्याळ स्थिर आहे. वाकली तर कशामुळे वाकली ते शोधा. मनगटी घड्याळ पंधरा दिवस हातात आणि पंधरा दिवस पत्र्याखाली ठेवून बघा, फरक दिसेल.

आणि पहिल्या दिवशीचा फरक लिहायला विसरू नका. मॅडमनी विचारायच्या आधी तो तुमच्या वहीत असू द्या.