रक्त पातळ करणारी गोळी : ना कमी, ना जास्त



कुणाच्या हृदयाची झडप बदललेली असते, कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असते, तर कुणाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतात. मेडिकल किंवा मेयोतून त्यांना ‘रक्त पातळ करायची गोळी’ लिहून मिळते. काही महिने ती नियमित घेतली जाते. मग “आता बरं वाटते, मंग गोळी कायले खाऊ?” म्हणून बंद होते. इथेच घात होतो. ही गोळी दुखणे थांबवण्यासाठी नसून उद्या होणारी गाठ आज रोखण्यासाठी आहे. गाठ मेंदूत गेली तर लकवा, फुप्फुसात गेली तर जीवच धोक्यात.

गोळी काय करते?

वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल ही गोळी रक्तात पाणी घालत नाही. ती रक्त गोठण्याची क्रिया मंद करते. “हे तर उंदराचे औषध” असे कुणी सांगून घाबरवतो. वॉरफरिन १९४८ साली अमेरिकेत आधी उंदरांसाठी विकले गेले, हे खरे आहे. पण १९५४ पासून ते माणसांच्या उपचारात आहे. औषध की विष, हे मात्रा ठरवते.

तथागतांनी सारनाथला मध्यम मार्ग सांगितला. या गोळीचा मार्गही मध्यमच आहे. कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव.

आकडा वहीत लिहा

मात्रा बरोबर आहे की नाही, हे पीटी-आयएनआर या रक्त तपासणीत कळते. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा साधारण १ असतो. शिरेतील गाठ किंवा अनियमित ठोके असतील तर तो बहुधा २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. धातूच्या झडपेसाठी काहींना थोडा अधिक लागतो. आपला आकडा किती हवा, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. खाली तारीख, आकडा आणि गोळीची मात्रा लिहीत जा. आईला अक्षर वाचता येत नसेल, तर ही वही शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीने सांभाळावी.

गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्या. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर राहू द्या आणि वहीत नोंदवा. दोन गोळ्या एकदम कधीच घेऊ नका.

काहींना रिव्हारोक्साबान, अपिक्साबान अशा नव्या गोळ्या मिळतात. त्यांना आयएनआर लागत नाही, पण गोळी चुकली की एक-दोन दिवसांत संरक्षण संपते. धातूची झडप असणाऱ्यांसाठी त्या नाहीत. म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नका.

खाणे, उपोसथ आणि दारू

पालक, मेथी, चवळी, सांबार यांत ‘के’ जीवनसत्त्व असते. ते वॉरफरिनचा असर कमी करते. भाजी सोडायची नाही, पण प्रमाण सारखे ठेवायचे. हिवाळ्यात भाजी स्वस्त झाली म्हणून रोज दोन्ही वेळ पालक, आणि उन्हाळ्यात काहीच नाही, असे नको.

वर्षावासात अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्यांनीही संध्याकाळची गोळी पाण्याबरोबर घ्यावी. औषधाने उपोसथ मोडत नाही. आणि दारू? पाचवे शील इथे जीव वाचवणारे आहे. दारूने आकडा वरखाली होतो, आणि नशेत पडून डोक्याला मार लागला तर मेंदूत रक्त साचते.

डॉक्टरांना न विचारता हे नको

- अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हृदयासाठी डॉक्टरांनीच अ‍ॅस्पिरिन दिली असेल, तर ती मनाने बंदही करू नका.
- कमरेत सुई. मांसात रक्त साचू शकते. “मी रक्त पातळ करायची गोळी घेतो” हे आधी सांगा.
- अँटिबायोटिक, टीबीची औषधे, जडीबुटी. यांपैकी अनेकांनी आकडा बदलतो.
- दात काढणे किंवा ऑपरेशन. त्याआधी गोळीचे काय करायचे, हे गोळी देणारे डॉक्टर ठरवतील.

बाळाचा विचार असेल किंवा पाळी चुकली, तर बहिणींनी लगेच दवाखाना गाठावा. वॉरफरिन पोटातील बाळाला बाधू शकते. पण झडप असेल तर मनाने गोळी बंद करणे आईच्या जिवावर बेतू शकते.

सिकलसेलच्या घरांसाठी

विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. ‘एसएस’ रुग्णाला गाठी होण्याचा धोका जास्त असतो. एकच पाय सुजला, दुखू लागला, किंवा अचानक धाप लागली, तर “नेहमीचेच दुखणे” म्हणून घरी थांबू नका.

१०८ ला फोन कधी?

काळी, डांबरासारखी संडास, लाल लघवी, रक्ताची उलटी, न थांबणारे रक्त, डोक्याला मार, वरून काही दिसत नसले तरी, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. यांपैकी काहीही झाले तर थांबू नका. दवाखान्यात जाताना वही आणि गोळीचे पाकीट सोबत घ्या. बेशुद्ध माणूस बोलू शकत नाही, त्याची वही बोलते.