आघात सोसलेले मूल आणि आपली शाळा



हजेरीपत्रकात मुलाचे नाव, जन्मतारीख व उपस्थिती यांची नोंद असते. गेल्या महिन्यात त्याच्या घरावर कोणता प्रसंग गुदरला, हे लिहिण्यास तेथे रकाना नाही. आपल्या शिंदखेडा तालुक्यातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे. कपाशीचे पीक हातचे गेले की कर्ज थकते, आणि क्वचित एखाद्या घरातील कर्ता पुरुष स्वतःच्या हाताने जीवन संपवितो. नरडाण्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात घडतात. २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीने कित्येक मुलांचे आई वा वडील नेले. काही घरांत दारूपायी रोज मारहाण चालते आणि ती बाहेर कोणास कळतही नाही. अशा घरातील मूल दुसऱ्या दिवशी, किंवा तेराव्यानंतर, दप्तर घेऊन आपल्याच वर्गात येऊन बसते. त्याच्याशी शाळेने कसे वागावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आघात म्हणजे काय?

जीव धोक्यात आला, जवळचे माणूस अकस्मात गेले किंवा ज्याने जपावे त्यानेच छळले, आणि ते सोसण्याची मनाची ताकद अपुरी पडली, म्हणजे मनावर आघात झाला असे म्हणतात. धोका दिसताच छाती धडधडणे, श्वास वाढणे, अंग ताठणे ही शरीराची स्वाभाविक तयारी होय. धोका टळला की ती ओसरावयास हवी. आघातानंतर ती लवकर ओसरत नाही. पूर्वी गावात जागल्या असे. चोर येऊन गेल्यावर पुढे कित्येक रात्री पान हलले तरी तो आरोळी ठोकी. आघात सोसलेल्या मुलाच्या मनातील जागल्या असाच अष्टौप्रहर सावध असतो. ज्याचे सारे लक्ष धोक्याकडे लागले आहे, त्याच्या ध्यानी बेरीज-वजाबाकी कशी राहावी? अशा मुलाचे पाठांतर मागे पडते. त्याची बुद्धी कमी झालेली नसते, ती दुसऱ्या कामात गुंतलेली असते.

या जागल्यास जागे करावयास लहानसे निमित्त पुरते. पुरात घर गेलेल्या मुलास आभाळ भरून आले की कापरे भरते. फवारणीच्या दिवसांत शेताकडून येणाऱ्या औषधाच्या वासाने एखादे मूल अस्वस्थ होते. आपल्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. ज्या घरात वर्षभरात मृत्यू घडला, तेथील मूल त्या दिवसांच्या आसपास पुन्हा गप्प होऊ शकते. वर्षश्राद्ध, दिवाळी, पोळा हे दिवसही असेच. शिक्षकाने हे दिवस ध्यानी ठेवले, तर मुलाच्या वागण्यातील अचानक बदलाचा अर्थ त्यास लागेल.

किल्लारीचा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. दगडमातीच्या जड भिंती अंगावर कोसळून साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील सुमारे ५२ गावे उद्ध्वस्त झाली. अन्न, वस्त्र व निवारा यांची मदत चहूकडून आली. मनाच्या जखमा मात्र वरून दिसत नव्हत्या. वाचलेल्यांपैकी काहींची मानसोपचारतज्ज्ञांनी तपासणी केली. तिचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींना मानसिक विकार जडल्याचे त्यात आढळले. ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता, अशांनाही मदतीची गरज असू शकते, हा त्याचा अर्थ.

त्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने आपत्तीग्रस्त गावांतील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. एकाच मुलखातील, एकच दुःख भोगलेली मुले सोबत राहिली आणि त्यांची शाळा चालू राहिली, ही गोष्ट आपण शिक्षकांनी विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगराचा कडा कोसळून सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. तेथेही गावाची शाळा तेवढी उभी राहिली होती. सारे काही नाहीसे झाले असता रोज ठराविक वेळी वाजणारी घंटा, ठराविक जागा आणि ओळखीचे गुरुजी यांचे मोल मुलास किती असेल, याची कल्पना करावी.

याला एक दुसरी बाजू आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असता ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी तेथे मुलांसाठी बालगृहे चालविली. आईजवळ राहून बाँबवर्षाव सोसलेल्या मुलांपेक्षा, सुरक्षित जागी पाठविण्यासाठी आईपासून तोडलेली मुले अनेकदा अधिक खचली, असे त्यांच्या पाहणीत दिसून आले. आपल्याकडे घरात मृत्यू घडला की मुलास लगोलग मामाच्या गावी किंवा दूरच्या वसतिगृहात धाडण्याचा विचार होतो. कधी तो अटळ असतो. तरीही शाळा सोडल्याचा दाखला देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी घरी जाऊन, मुलाचीही इच्छा जाणून, निदान सत्र संपेपर्यंत त्यास येथेच ठेवता येईल काय, हे पाहावे. जाणे अटळ असेल तर पुढील शाळेच्या शिक्षकांस विश्वासात घेऊन खाजगी पत्र लिहावे. वर्गमित्रांस त्याचा निरोप घेऊ द्यावा.

वर्गात दिसणाऱ्या खुणा

बालवाडी व पहिली-दुसरीतील मूल आईचा पदर सोडत नाही, अंथरूण ओले करते, बोलणे कमी करते किंवा घडलेला प्रसंगच पुनःपुन्हा खेळात मांडते. तिसरी ते पाचवीतील मुलाचे पोट वा डोके दुखते आणि वैद्यास कारण सापडत नाही. ते दचकते, शून्यात पाहत बसते, क्षुल्लक कारणावरून हाणामारी करते. मोठी मुले शाळा चुकवितात, उर्मट बोलतात, किंवा उलट, घराचा सारा भार आपल्यावरच आहे असे समजून अकाली प्रौढ होतात. बापाच्या मागे आईला शेतात हातभार लावण्यासाठी गैरहजर राहणारा सातवीतला मुलगा आळशी म्हणून गणला जाऊ नये.

शांत मुलाकडे आपले दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. दंगा करणारे मूल दृष्टीस पडते, पण मागच्या रांगेत निमूट बसलेली मुलगी वर्ष संपेपर्यंत नजरेतून सुटते. वागणुकीत एकाएकी पडलेला फरक ही सर्वांत महत्त्वाची खूण होय.

शाळेने काय करावे?

१. दिनक्रम ठराविक ठेवावा. प्रार्थना, तास, पोषण आहार, खेळ, सुटी हे सारे ठरल्या वेळी व्हावे. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगावे. पुढे काय होणार हे ठाऊक असणे, हेच अशा मुलाचे मोठे औषध आहे.

२. मुलाने बोलावे म्हणून पाठीस लागू नये, बोलेल तेव्हा मात्र पूर्ण ऐकावे. प्रसंग सविस्तर वदवून घेतला की मन मोकळे होते, ही समजूत पुढील अभ्यासांत टिकली नाही. उलट त्याने जखम पुन्हा उघडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीनच कामे सांगितली आहेत : पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी सांधून देणे.

३. मुलाच्या घरच्या बोलीत बोलावे. आपल्याकडील पुष्कळ मुलांचे दुःख अहिराणीत, भिली वा गुजरीत असते. प्रमाण भाषेत ते उतरत नाही. ‘ये, मन्हा जोडे बठ’ एवढे शब्द दहा प्रश्नांचे काम करतात.

४. मुलास खरे सांगावे. ‘बाबा गावाला गेले’ असे सांगितलेले मूल रोज एस.टी.ची वाट पाहते. ‘आजी झोपली’ असे ऐकलेले मूल झोपण्यास भिते. साध्या शब्दांत मृत्यू सांगावा आणि ‘हे तुझ्यामुळे झाले नाही’ हे आवर्जून सांगावे. ‘मी हट्ट केला म्हणून बाप गेला’ असे मनाशी धरून कुढणारी मुले असतात.

५. लहानशी जबाबदारी द्यावी. झाडास पाणी घालणे, खडू वाटणे, धाकट्या मुलास अक्षर दाखविणे, यांतून ‘माझ्या हातून काही होते’ हा विश्वास परत येतो. अभ्यास काही काळ हलका करावा, पण पूर्ण सोडू नये.

शेजारच्या अमळनेरात प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजींनी छात्रालय सांभाळले आणि मुलांच्या खोल्या झाडण्यापर्यंत सारी कामे केली. त्यांच्यापाशी मानसशास्त्राची पदवी नव्हती. घरापासून दूर असलेल्या मुलास आपले कोणी येथे आहे असे वाटावे, ही दृष्टी होती. ती आपणासही साध्य आहे.

काय टाळावे?

वर्गासमोर त्या मुलाची कीव करू नये, तसेच ‘बिचारा’ म्हणून त्याची ओळख करून देऊ नये. मृत्यू कसा घडला याची चर्चा शाळेत, व्हरांड्यात वा शिक्षकांच्या बैठकीत होऊ नये. मुलांचे कान तिकडेच असतात. ‘तू आता घरातला कर्ता, रडायचे नाही’ असे म्हणू नये. गरजू मुलाचे छायाचित्र काढून मदतीच्या आवाहनासाठी फिरविणे तर सर्वथा गैर. आणि मारणे, कान पिळणे, बाहेर उभे करणे याविषयी शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहेच. ज्या मुलाने घरी हात उगारलेला पाहिला, त्याच्यावर शाळेतही हात उगारला गेला तर त्यास सुरक्षित अशी जागा उरतच नाही.

घरची माणसे

मूल ज्यांच्या आधाराने सावरावयाचे, ती आई वा आजी स्वतःच खचलेली असते. गृहभेट द्यावी ती तक्रार घेऊन नव्हे. मुलाने शाळेत केलेली एखादी चांगली गोष्ट सांगून सुरुवात करावी. झोप लागते काय, जेवण जाते काय, सोबतीस कोणी आहे काय, एवढे विचारावे. आशाताई व अंगणवाडीताई यांना सोबत घेतल्यास बोलणे सोपे जाते. पालक गमावलेल्या किंवा सांभाळ होऊ न शकणाऱ्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होतो. कागदपत्रे जुळविण्यास शिक्षकाने हातभार लावला, तर तो समुपदेशनाचाच भाग समजावा, कारण उद्याच्या दाण्याची चिंता मिटल्यावाचून मनाची शांती येत नाही.

आपली मर्यादा

बहुतेक मुले माणसांच्या आधाराने व काळाच्या ओघात सावरतात. महिना उलटूनही भीती, दुःस्वप्ने, न जेवणे वा न बोलणे कमी होत नसेल, तर ते काम तज्ज्ञाचे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मिळणाऱ्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत चिठ्ठी घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाने जीव देण्याची भाषा केली तर ती थट्टा वा धमकी समजू नये. त्यास एकटे न सोडता, घरच्यांस बोलावून, त्याच दिवशी मदत मिळवावी. लैंगिक अत्याचाराची गोष्ट मुलाने सांगितली, तर शाळेने स्वतः चौकशी करीत बसू नये आणि गावात मिटवामिटवीही करू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे आणि मुलाचे नाव गुप्त राखणेही.

शिक्षकही त्याच गावचे असतात. विद्यार्थी गमावलेला किंवा प्रेत ओळखण्यास जावे लागलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभा राहतो. त्याने आपले मन सहकाऱ्याजवळ मोकळे करण्यात कमीपणा नाही. केंद्रप्रमुखांनी पुढील शिक्षण परिषदेत यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

प्रत्येक वर्गशिक्षकाने या महिन्यात आपल्या पटावरील नावांवरून एकदा नजर फिरवावी आणि ज्याच्या वागणुकीत अलीकडे फरक पडला आहे अशा मुलाच्या घरी जाऊन यावे. ही यादी कार्यालयास पाठवावयाची नाही. ती शिक्षकाच्या मनातच राहावी.